पोर्ट ब्लेअर: हॅवलॉकच्या बोटीआधी उरलेल्या दुपारीपुरतं शहर?

मुक्काम_पोस्ट (धागाकर्ता)

मंडळी, अंदमानवर इथे चिक्कार धागे आहेत, पण जवळजवळ सगळे हॅवलॉक आणि नील या बेटांचे. पोर्ट ब्लेअर त्यात पहिल्या दुपारीपुरतं येतं. विमानातून उतरा, सामान टाका, सेल्युलर जेल उरका, संध्याकाळी लाइट अँड साउंड, सकाळी बोट. टूरवाल्यांच्या छापील कार्यक्रमात तर शहराचं नाव फक्त मुक्कामाच्या रकान्यात असतं. आम्ही (मी, बायको आणि सासूबाई) या जानेवारीत उलटं केलं. शहरातच ठाण मांडलं आणि बेटं चवीपुरती घेतली. माझं मत आधीच सांगून टाकतो: अंदमानात बघण्यासारखं सगळ्यात भारी काही असेल तर ते हे बंदर. न पटल्यास खाली भांडायला या.

नावाचं आधी. सप्टेंबर २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे. आम्हाला भेटलेले रिक्षावाले, हॉटेलवाले आणि बोटीचे एजंट पोर्ट ब्लेअरच म्हणत होते, म्हणून मीही तेच लिहितो. ज्याच्यावरून हे जुनं नाव पडलं तो आर्चिबाल्ड ब्लेअर बॉम्बे मरीनचा लेफ्टनंट, म्हणजे कंपनीच्या मुंबईच्या आरमारातला. त्याने १७८९ मध्ये इथल्या चॅथम बेटावर वसाहत टाकली. ती पुढे उत्तरेकडे हलवली आणि १७९६ मध्ये गुंडाळली. इंग्रज परत आले ते १८५८ मध्ये, सत्तावनच्या उठावातले कैदी घेऊन.

आता बंदर. नकाशा उघडा. खाडीचं तोंड पूर्वेला. तोंडाशी पहारेकऱ्यासारखं रॉस बेट. डाव्या हाताला टेकडीवर अबर्डीन, तिथेच जेल. आत शिरलं की फिनिक्स बे, मग हॅडो, मग चॅथम. अजून आत व्हायपर बेट. समोरच्या काठावर बांबू फ्लॅट, होपटाउन आणि मागे माउंट हॅरिएटचा हिरवा डोंगर (२०२१ पासून माउंट मणिपूर). सगळं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. जेलच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की साहेबांची वस्ती होती ते रॉसही दिसतं आणि नॉर्थ बेचं दीपगृहही. इंग्रजांची हौस आणि कैद्यांचे हाल यांच्यामध्ये जेमतेम एक पाण्याची पट्टी होती, हे वाचून कळत नाही, तिथे उभं राहून कळतं.

हे बंदर बघायला हार्बर क्रूझ वगैरे घेऊ नका. चॅथमच्या जेटीवर जा आणि बांबू फ्लॅटची फेरी पकडा. रोजच्या लोकांची बोट आहे ती. गाड्याही चढतात. आमच्या बोटीत दप्तरं पाठीला लावलेली पोरं, मासळीच्या पाट्या, पाच-सहा स्कूटर आणि एक गृहस्थ नवीकोरी कापसाची गादी उभी धरून. वारा सुटला की गादी शिडासारखी फुगायची आणि बाजूची पोरं आपणहून ती दाबून धरायची. तिकीट इतकं कमी की सासूबाईंनी 'एका माणसाचं की तिघांचं?' असं दोनदा विचारलं.

पलीकडे उतरून रिक्षा करून डोंगरावर गेलो. वाटेत एका वळणावरून नॉर्थ बेचं दीपगृह आणि माडांची रांग दिसते. हेच चित्र जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर होतं. (नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं, हा आपला फायदा.) याच डोंगरावरून सूर्यास्त बघून उतरताना ८ फेब्रुवारी १८७२ ला होपटाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला शेर अलीने सुऱ्याने भोसकलं. शेर अली इथलाच कैदी. त्याला व्हायपर बेटावर फाशी दिलं. भारतात पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय, आणि शाळेत आपल्याला त्याबद्दल एक ओळ.

जेलबद्दल मुद्दाम लिहीत नाही, इथे त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. तुम्ही सुरू करा.

खारीबिस्कीट

पहिला! वाचनखूण साठवली. फोटोंशिवाय प्रवासाचा धागा म्हणजे फाउल आहे, नोंद घ्यावी.

उनाड_पाखरू

भांडायला आले. :)

आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो आणि शहरात राहायला लागलं याचाच वैताग आला. उकाडा म्हणजे शरीराला चिकटणारा. हॉटेल (नाव लिहीत नाही) दिसायला चकाचक, पण दुपारी बाराला नळ कोरडे. रिसेप्शनवरचा पोरगा म्हणाला, 'मॅडम, कल आयेगा.' उद्या? आमची बोट उद्या होती! कॉर्बिन्स कोव्ह बीच बरा आहे, पण आपल्याकडे गुहागर-आंजर्ले बघितलेल्या माणसाला त्यात नवल ते काय. आणि नॉर्थ बे म्हणजे तर आठवडी बाजार. बोटीतून पाय खाली टाकला नाही तर सी-वॉक, स्नॉर्कलिंग, काचेच्या तळाची बोट, स्कूबा, सगळे एकदम अंगावर. माझ्या नवऱ्याने घाबरून तीन पावत्या फाडल्या.

हॅवलॉकला पोचलो तेव्हा कुठे सुट्टी सुरू झाली. तेव्हा तुमचं 'सगळ्यात भारी बंदर' तुम्हालाच लखलाभ. हलके घ्या.

मुक्काम_पोस्ट

पाखरूताई, नॉर्थ बेबद्दल शंभर टक्के सहमत. ते डोंगरावरून बघायचं ठिकाण आहे, उतरायचं नव्हे. पाण्याचं म्हणाल तर शहराची तहान मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो, पण साठवण कमी, त्यामुळे फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येण्याचे प्रकार होतात. हॉटेलवाल्याची टाकी मोठी असेल तर आपल्याला कळत नाही, लहान असेल तर तुमच्यासारखं होतं. खोली घेताना एसीऐवजी टाकीची चौकशी करावी!

आबा_सांगलीकर

लई भारी लिवलंय. आमी गावातनं बस भरून चेन्नईपतोर आन तितनं इमानानं गेल्तो. जेलात आमच्या म्हाताऱ्यानं चपला भायेर काढल्या. गाईड म्हनला, काका चालतंय चप्पल घालून. म्हातारा म्हनला, तुला चालतंय, मला न्हाई. बाकी काय सांगायचं.

निशिगंध

आबा, तुमच्या चार ओळींपुढे मी काय लिहू. तरी जेलबद्दल थोडं.

इमारत १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते, कैद्यांकडूनच. मधल्या मनोऱ्यातून सात तीनमजली विंग्ज निघायच्या, त्यातल्या आता तीन उरल्यात. पडलेल्यांच्या जागेवर पंत रुग्णालय उभं आहे, म्हणजे कैद्यांच्या कोठड्या होत्या तिथे आता इंजेक्शनं मिळतात. मला हे आवडलं, कुणाला आवडणार नाही. कोठड्या ६९३, प्रत्येकी साडेतेरा बाय साडेसात फूट. खिडकी नाही, वर हात पोचणार नाही इतक्या उंचीवर झरोका. एका विंगेचं तोंड पुढच्या विंगेच्या पाठीकडे, त्यामुळे समोर कोण कोंडलाय हे दिसूच नये अशी रचना. कडी-कोयंडा तर बघाच. दाराची कडी लांब ओढून बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत अडकवलेली, गजांतून हात काढला तरी कोयंड्याला बोटं लागणार नाहीत. मी हात घालून बघितला. कोपरापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. ज्याने हे आखलं त्याने माणसाच्या हाताचं माप घेतलं होतं.

कोलू (तेलाचा घाणा) बाहेर पडवीत ठेवलाय. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, बैलाच्या जागी माणूस. पुतळा जुंपून ठेवलाय त्याला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढणारे महाभाग पण होतेच.

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला, फाशीघर तिथून जवळच. दाराला जास्तीचं एक दार. तात्याराव जुलै १९११ मध्ये तिथे आले. बाबाराव आधीपासून त्याच तुरुंगात, आणि बराच काळ भावाभावांची गाठ नाही. मला मात्र तिथे आठवत होत्या येसूवहिनी, बाबारावांच्या पत्नी. घरच्यांना भेटीची परवानगी १९१९ मध्ये मिळाली, आणि त्याच्या थोडंच आधी वहिनी गेल्या होत्या. भेटीला माई (तात्यारावांच्या पत्नी) आणि धाकटे भाऊ नारायणराव आले. आपल्यापैकी किती जण त्या कोठडीसमोर उभे राहताना हा हिशेब करतात?

एक तक्रार. मराठी माणूस दिसला की गाईड थेट त्या एका कोठडीकडे नेतो आणि बाकीचं झपझप. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने दूध पाजताना जीव गेलेले महावीर सिंह, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नामदास यांच्याबद्दल मला स्वतःहून विचारावं लागलं. छळाला कंटाळून इंदुभूषण रॉय यांनी गळफास घेतला, उल्लासकर दत्तांच्या मनावर परिणाम झाला. संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरली आहेत, बंगाल आणि पंजाबच्या याद्या संपता संपत नाहीत. त्या पाट्यांपुढे वेळ काढा.

ताम्हण

निशिगंधताई, अंगावर काटा. एक शंका, वासुदेव बळवंत फडकेही इथेच होते ना?

निशिगंध

नाही हो. त्यांना एडनला ठेवलं होतं, तिथेच १८८३ मध्ये गेले. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनाच्या खटल्यातले वामनराव जोशी मात्र अंदमानात होते.

सडेतोड_सदा

आता विषय निघालाच आहे तर सावरकरांच्या त्या सुटकेच्या अर्जांबद्दलही बोलू की. कसं आहे,

[पुढचा मजकूर आणि त्यावरचे प्रतिसाद काढले आहेत. या विषयावर संस्थळावर स्वतंत्र धागे आहेत, तिथे मनसोक्त चर्चा करावी. हा धागा प्रवासाचा आहे. – व्यवस्थापक]

खारीबिस्कीट

पॉपकॉर्न आणायला गेलो तेवढ्यात पिक्चर उतरवला राव.

दर्यासारंग

धागाकर्त्याशी सहमत, आणि त्याचं एक कारण ते लिहायला विसरले. या शहरात आकाशातून नव्हे, पाण्यातून शिरावं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं आहेत. चेन्नईहून साधारण साठ तास. गैरसमज नको, ही क्रूझ नाही. बंक क्लासमध्ये लोखंडी दुमजली खाटांच्या रांगा, रेक्झिनच्या गाद्या, कॅन्टीनमध्ये भात-सांबार, पहिल्या रात्री निम्मी मंडळी आडवी. उलटीची गोळी बोट लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्या. वेळापत्रकावर विसंबून परतीचं विमान काढू नका, जहाज हवेनुसार पुढेमागे होतं.

पण शेवटच्या पहाटे डेकवर या. आधी नुसती काळपट रेघ दिसते. मग पायलट बोट येते, शिडी सोडतात, पायलट वर चढतो आणि जहाजाचा वेग पडतो. डाव्या हाताला रॉस सरकत येतं, झाडांत बुडालेल्या विटांच्या भिंती दिसायला लागतात, उजवीकडे दीपगृह, आणि मग एकदम जेल. जहाजातला गलका त्या ठिकाणी आपोआप उतरला होता. माझ्या शेजारी उभे असलेले बंगाली आजोबा तिथलेच रहिवासी, त्यांनी मात्र मला बोट करून जेल नव्हे तर त्याच्या खालच्या उताराला असलेलं त्यांचं घर दाखवलं.

नौदलाची हद्द बरीच आहे, बंदरात कॅमेरा कुठेही रोखू नका. विचारून काढा.

मुक्काम_पोस्ट

क्या बात है! साठ तासांचं धाडस सासूबाईंना घेऊन झालं नसतं, पण एकदा करणार.

पोर्टब्लेअरची_पाहुणी

इतके दिवस फक्त वाचत होते, हा धागा बघून सदस्यत्व घेतलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं या शहरात राहिले. पर्यटक म्हणून गेलेल्यांना जे दिसत नाही ते जरा सांगते.

पहिली गोष्ट घड्याळाची. देश एक, वेळ एक, पण अंदमान पार पूर्वेला. डिसेंबरात पाच वाजता सूर्य गुल आणि साडेपाचला मिट्ट. आम्ही नवीन असताना 'चार वाजता निघू, ऊन उतरू दे' असं पुण्याच्या सवयीने म्हणायचो आणि चिडिया टापूला पोचेपर्यंत सूर्य गेलेला असायचा. तिथला सूर्यास्त गाठायचा तर तीनच्या आत शहर सोडा. सकाळचं काय ते पाच-साडेपाचला उठून करा. हॅवलॉकच्या पहाटेच्या बोटी त्यामुळेच जाचक वाटत नाहीत, तोवर उजाडलेलं असतं.

दुसरी भाजीची. बरीच भाजी, कांदे, बटाटे मुख्य भूमीवरून जहाजाने यायचे. बंगालच्या उपसागरात वादळ म्हणलं की इकडे टोमॅटो कडाडायचे. मासे मात्र जंगलीघाटाच्या बाजारात सकाळी जाऊन बघा. सुरमईला तिथेही सुरमईच म्हणतात, ऐकून जीव सुखावला होता. ट्यूना आपल्याला सवयीचा नाही, पण तिखट लावून तव्यावर टाकला की ओळख पटते.

माणसांचं तर विचारूच नका. तिथे 'लोकल बॉर्न' नावाचीच एक जमात मानतात, म्हणजे शिक्षा संपल्यावर तिथेच संसार थाटलेल्या कैद्यांचे वंशज. कैद्यांत पठाण, बंगाली, मराठी, तेलुगू सगळे. बायकाही कैदीच. लग्नं लागली तेव्हा जात, प्रांत कोण बघणार? त्यामुळे सगळ्यांची मिळून भाषा झाली हिंदुस्तानी. आमच्या शेजारच्या आजी नमाजही पढायच्या आणि दिवाळीला दारात दिवेही लावायच्या. नंतर रांचीकडचे मजूर आले, फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित, तामिळ, मल्याळी. १९२१ च्या केरळातल्या मोपला उठावातल्या लोकांना इथे आणून वसवलं, म्हणून शहराबाहेर गाडी काढलीत की मलप्पुरम, कालिकत, वंडूर अशा केरळच्या गावांच्या पाट्या लागतात. पहिल्यांदा मला वाटलं की मी डुलकी काढली आणि गाडी समुद्र ओलांडून गेली.

वंडूरकडे जाताना सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या कडेला खारं पाणी, त्यात वठलेल्या झाडांचे बुंधे. टूरचा ड्रायव्हर थांबत नाही. ती भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन जवळपास मीटरभर खचली, समुद्र आत आला तो परत गेलाच नाही. सुनामी म्हणजे लाट आली आणि ओसरली असंच आपल्याला वाटतं. इथे ती आजही भरती-ओहोटीबरोबर शेतात येते. पक्षीनिरीक्षकांना मात्र पर्वणी, अंदमानी बदकं (टील) तिथे थव्याने दिसतात.

आणि जपानी. मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ शहर त्यांच्या ताब्यात होतं. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला, तिथे स्मारक आहे, सगळे जातात. बरोबर एका महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, हम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या. त्या स्मारकाशी सहसा चिटपाखरू नसतं. कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून जपानी बंकर अजून आहेत, त्यांवर लोक बसून भेळ खातात. पाखरूताई, तुम्ही गेलात त्या रस्त्याने, बघितलेत का?

उनाड_पाखरू

बघितले असणार, पण आमच्या ड्रायव्हरने 'पुराना पंप हाउस' म्हणून सांगितलं होतं!! आता त्याला काय म्हणू.

ताई, तुम्ही स्वतंत्र लेखमाला लिहा. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झालाय (धागाकर्त्याने इनो घ्यावा).

मुक्काम_पोस्ट

इनो घेतला. खरंच लिहा, पाहुणीताई. सिप्पीघाट आम्हीही वेगात ओलांडलं.

टिळकरोड

मे महिन्यात आईबाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघं सत्तरीच्या पुढची, बाबांचे गुडघे. (१) मे चालेल का? (२) बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा करावी का? (३) आई शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं.

दर्यासारंग

मे नको. उत्तरार्धात नैऋत्य मोसमी वारे तिथे आपल्याआधी पोचतात, समुद्र खवळतो, बोटी रद्द. डिसेंबर-अखेर ते मार्च उत्तम.

बाराटांग, गुडघे असतील तर नको. पहाटे दोन-तीनला शहरातून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग, मग पोलिसांच्या ताफ्यात जंगलातून, पुढे बार्ज, मग खारफुटीतून छोटी बोट, मग चिखलातून चाल. खारफुटीचा बोगदा सुंदर आहे यात वाद नाही.

ताम्हण

बाराटांगबद्दल माझं वेगळं म्हणणं आहे. गुडघे धड असले तरी जाऊ नये. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ती काही शेकड्यांत उरलेली माणसं. थांबणं, फोटो काढणं, खायला टाकणं हे सगळं कायद्याने गुन्हा आहे, तरी गाडीत कुजबुज एकच, 'दिसले का, दिसले का?' आमच्या गाडीत एका काकांनी तर 'पैसे वसूल झाले नाहीत' असं म्हणलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सुरुवातीला काही आठवडे पर्यटकांना हा रस्ता बंदही केला होता. गुहा आपल्याला हव्यात, ठीक, पण कुणाच्या अंगणातून वरात काढतोय याचं भान नको?

आबा_सांगलीकर

पर त्यो रस्ता तितल्या लोकांचा बी हाय की. वरच्या गावांस्नी दवाखान्याला जायाचं तर दुसरा कुटला रस्ता?

पोर्टब्लेअरची_पाहुणी

आबांचं बरोबर आहे. मायाबंदर, दिगलीपूरची बस त्याच रस्त्याने येते, आजारी माणसं त्याच रस्त्याने. प्रश्न रस्त्याचा नाही, मौजेसाठी जाणाऱ्या गाड्यांचा आहे. आम्ही राहत असूनही गुहा बघायला गेलो नाही. पाहुणे आले की वंडूरहून जॉली बॉयला पाठवायचो. तिथे समुद्री राष्ट्रीय उद्यान आहे, एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बेटावर नेता येत नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा काढून घेतात. बायका-पोरं कुरकुरतात, पण पाण्यात डोकं घातलं की कळतं कशासाठी ते. मात्र बोटीतून उतरणं-चढणं थोडं धडपडीचं, टिळकरोड यांच्या बाबांना विचार करून न्या.

तुमच्या बाबांसाठी रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मात्र जरूर. अबर्डीन जेटीवरून दहा-पंधरा मिनिटांची बोट, वर फिरायला बॅटरीवरच्या गाड्या. चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला, सगळ्यावर वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी अशी पकड बसवली आहे की भिंतीने झाड धरलंय की झाडाने भिंत, सांगता येत नाही. हरणं पायात घुटमळतात. त्यांना वेफर्स घालू नका, लोक घालतात. जून १९४१ चा भूकंप आणि पाठोपाठ जपानी, यात ते सगळं वैभव वर्षभरात उजाड झालं.

आईंच्या जेवणाची काळजी नको. अबर्डीन बाजारात तामिळ मेस आहेत, केळीच्या पानावर जेवण, इडली-डोसा सकाळ-संध्याकाळ. पोळी मऊ मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

मुक्काम_पोस्ट

सासूबाईंचा अनुभव: मेसमधला रस्सम त्यांना इतका आवडला की 'आपल्या साराला तूप-जिऱ्याची फोडणी असते, यांना काय कळतंय' असं म्हणत त्यांनी तीन वाट्या प्यायल्या. मेतकूट नेलं होतं, तसंच परत आलं.

लाइट अँड साउंडला आईबाबांना न्याच. जेलच्या आवारातला पिंपळ आपली कहाणी सांगतो अशी कल्पना आहे. खुर्च्या आहेत, पण डास आहेत. ओडोमॉस लावून बसा. आणि हिंदीचा खेळ घ्या, तिकीट आधी काढून ठेवा.

उनाड_पाखरू

अवांतर: नेटवर्कचं काय? आम्हाला हॅवलॉकला फोन लागेना.

दर्यासारंग

शहरात आता चांगलं चालतं. चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली, ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी सगळं उपग्रहावर, एक फोटो पाठवायचा तर चहा करून प्यायचा. बाहेरच्या बेटांवर अजून रडतं.

टिळकरोड

सगळ्यांचे आभार. मे रद्द, फेब्रुवारी नक्की. बाराटांग वगळतोय, आणि पोर्ट ब्लेअरचा मुक्काम वाढवतोय. मुक्काम_पोस्ट, तुमची चॅथमची फेरी बाबांना झेपेल? ते लाकडाचे व्यापारी होते, तिथली सरकारी वखार बघायची म्हणतात.

मुक्काम_पोस्ट

अरे वा, मग तर सोन्याहून पिवळं. चॅथमची सॉ मिल १८८३ ची, आशियातल्या सगळ्यात जुन्या गिरण्यांपैकी एक, छोट्या पुलाने शहराला जोडलेली. आत पडौकचे लालभडक ओंडके, लाकडाचं छोटं संग्रहालय आणि जपानी बॉम्बचा खड्डा. खड्ड्यात आता झाडं लावलीत. चालू गिरणी बघायची तर रविवार टाळा, त्या दिवशी बंद असते. फेरीची जेटी तिथेच शेजारी. चढायला उतार आहे, पायऱ्या नाहीत, बाबांना जमेल. फक्त गाड्या आधी चढू द्या आणि मग कठड्याच्या बाजूने आत जा. परतीची शेवटची बोट कितीची ते पलीकडे उतरतानाच खलाशाला विचारून घ्या, अंधार लवकर पडतो आणि त्या काठाला रिक्षा मोजक्याच.

खारीबिस्कीट

टिळकरोड, गेलात की पडौकच्या ओंडक्यांचा फोटो टाका. यांच्याकडून काही आशा दिसत नाही.